हिवाळ्याकडची कळ

सत्त्याण्णवची गाडी, एमएच-दहा.
नेमगोंडा चौगुल्यांकडून घेतली तेव्हा
सीटखाली हळकुंडाचे तीन तुकडे निघाले
आणि एक तोलपावती, निम्मी वाळवीनं वाचलेली.
चोवीस वर्षं मार्केट यार्डात उभी राहिलेली ही गाडी.
तिला धाप लागते, हे मला
माधवनगरच्या पुलावर कळलं,
मागच्या ट्रॅक्टरनं हॉर्न दिला तेव्हा.
उसाचा ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या. भरलेल्या.

मग कोल्हापुरातून लाल फिल्टर आणला,
शंकूसारखा, चकचकीत,
अठराशेचा. घरी बाराशे सांगितले.
जुना काळा डबा भंगारात घातला,
कार्बोरेटरच्या तोंडावर
कुपवाडच्या लेथवर कातून घेतलेली रिंग,
दोन क्लिपा, झालं.
आवाज काय!
विश्रामबागेतली कुत्री उठून उभी राहिली.
शंभरफुटीवर एका बुलेटवाल्यानं अंगठा दाखवला.
तीन दिवस मी तेवीस वर्षांचा होतो.
चौथ्या दिवशी तोच पूल, तोच चढ,
आणि तोच ट्रॅक्टर, गाणी लावून,
बाजूनं पुढं.

इलाही नदाफ फारसा बोलत नाही.
बॉनेट उघडून त्यानं तळहात धरला शंकूपुढं,
भाकरी टाकायच्या आधी तव्यावर धरतात तसा.
"इंजिनाचीच धग खातीया ही.
गरम हवा म्हंजे पाणी घातल्यालं ताक,
पोट भरतंय, ताकद न्हाई."
मग, नट शोधत,
"डबा कुठाय?"

डबा भंगारवाल्याकडून परत आणला,
माझाच, चाळीस रुपये मोजून.
आतला कागद पिवळा होता.
घडीघडीत हळद,
सौद्याच्या सकाळींची, पॉलिशच्या ड्रमांची,
हमालांच्या भुवयांवर बसते ती.
पायरीवर आपटला तर ढग उठला,
आणि दोन दिवस आमच्या सगळ्यांचे तळवे
लगीनघरातल्यासारखे.

डब्याच्या नाकाडावर एक कळ होती.
एका अंगाला डब्ल्यू, एका अंगाला एस.
"ह्यो हिवाळा," इलाही म्हणाला, "ह्यो उन्हाळा."
हिवाळ्यात हवा सायलेन्सरच्या पाइपावरून
शेकून आत घ्यायची,
उन्हाळ्यात समोरून, थेट.
कळ हिवाळ्यावर गंजली होती.
शोरूममधून जानेवारीत निघाली असेल.
नंतरचे चोवीस उन्हाळे,
चपलेला डांबर चिकटवणारे,
तिनं शेकलेली हवा ओढली,
आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

डिझेल सोडून रात्रभर ठेवली.
सकाळी पक्कड.
कट्.
एवढंच.

पण एवढ्यावर थांबवत नाही माणसाला.
तासगावातनं ब्लोअरची जुनी नळी आणली,
द्राक्षबागेतली, वेटोळ्यावेटोळ्यांची,
गंधकाचा वास अजून न गेलेली.
बॅटरीला वळसा घालून हेडलाइटमागं काढली,
तोंड खाली, पाणी शिरू नये म्हणून.
कागदी फिल्टर नवा, एकशे साठ रुपये.
हे घरी खरं सांगितलं.
लाल शंकू कपाटावर आहे.
बायको त्याला 'बाराशे रुपये' म्हणते,
आणि बाराशेवर जरा थांबते.

पहाटे दंडोबाच्या चढाला नेली.
आवाज असा काही नव्हता,
शेजारच्या घरात कुणी शिलाई मशीन चालवावं तसा.
तिसरा गिअर बदलावा लागला नाही.
इलाही काच खाली करून
डोकं बाहेर काढून ऐकत होता,
वर पोचल्यावर म्हणाला,
"च्या मिळंल का हितं?"

रविवारी गणपती पेठेत नेमगोंडा काका भेटले.
मे महिना. अंगात
विणलेला, बिनबाह्यांचा, चॉकलेटी स्वेटर.
त्यांना मी त्याच्याशिवाय पाहिलेलं नाही.
गाडीभोवती एक चक्कर मारली.
"धाप कुठं गेली रे हिची?"
मी बॉनेट उघडलं, कळीचं सांगितलं.
"कळ? कसली कळ?"
वाकले. चष्मा वर सारला.
बोटानं एसकडनं डब्ल्यूकडं नेली,
परत एसकडं.
"बरं," म्हणाले,
आणि स्वेटरचं खालचं बटण, सुटलं होतं ते,
लावून घेतलं.